हॅटी मॅकडॅनियल : भूमिका आणि निवड
आता हॅटी मॅकडॅनियल यांच्याकडे येऊ. २९ फेब्रुवारी १९४०, लॉस एंजेलिसचं अँबॅसडर हॉटेल. ‘गॉन विथ द विंड’मधल्या मॅमीसाठी ऑस्कर मिळवणाऱ्या या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. पण बसवलं कुठे? सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या टेबलावर. अटलांटातल्या पहिल्या खेळाला तर जाताच आलं नव्हतं. पुढेही वाट्याला मोलकरणीच. रेडिओवर आणि थोडे दिवस टीव्हीवर ‘ब्यूला’. एनएएसीपीचे वॉल्टर व्हाइट अशा भूमिकांवर टीका करत. मला ती निम्मीच पटते. साचा घट्ट होतो, हे खरं. पण बघा, पर्यायच न ठेवणाऱ्यांना सोडून जाब हिलाच विचारायचा? १९५२ मध्ये त्या गेल्या. हॉलिवूडच्या दफनभूमीत जागा हवी होती. तीही नाकारली गेली.