निर्गममार्ग, आपत्कालीन

आपत्कालीन निर्गममार्ग : आग लागली असता इमारतीतील माणसांना बाहेरच्या मदतीची वाट न पाहता सुरक्षित जागी पोहोचता यावे, यासाठी राखलेली सलग वाट. तिचे तीन भाग मानतात : खोलीपासून जिन्याच्या दारापर्यंतचा मार्ग, अग्निरोधक भिंतींनी वेढलेला जिना आणि तेथून रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेत नेणारा मार्ग. यांपैकी एक भाग बंद असला, तरी उरलेले दोन निरुपयोगी ठरतात. लिफ्टची गणना निर्गममार्गात होत नाही. वीजपुरवठा खंडित झाल्यास ती मध्येच अडकते आणि तिच्या कूपातून धूर वरच्या मजल्यांवर पसरतो.

आगीतील मृत्यू पुष्कळदा भाजण्यापेक्षा धुरामुळे होतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइडामुळे माणूस बेशुद्ध होतो आणि दाट धुरात ओळखीची वाटही सापडत नाही. म्हणून ज्वाला दूर असतानाच बाहेर पडणे आवश्यक असते. अंतर, रुंदी व दारांची संख्या यांविषयीचे नियम मूलतः या अल्प अवधीशी निगडित आहेत.

इतिहास : हे नियम बहुतांशी दुर्घटनांमधून घडले आहेत. १६ जून १८८३ रोजी इंग्लंडमधील संडरलंड येथील व्हिक्टोरिया हॉलमध्ये आग लागलेली नसतानाही १८३ मुले मृत्युमुखी पडली. भेटवस्तूंसाठी मुले जिन्यावरून धावत उतरली. पण खालचे दार आतल्या बाजूस उघडणारे असून एकाच मुलाला जाता येईल एवढ्या फटीवर ते अडकवून ठेवलेले होते. शरीराच्या दाबाने उघडणाऱ्या आडव्या दांड्याच्या कडीचा विचार अशा घटनांतून पुढे आला. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यातील आगीत १४६ कामगार दगावले. त्यांत बहुसंख्य तरुण स्त्रिया होत्या. नवव्या मजल्यावरील एका जिन्याचे दार कुलूपबंद होते आणि बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. या आगीनंतर अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेने १९१३ मध्ये जीवितसुरक्षेसाठी समिती नेमली आणि १९२७ मध्ये इमारतींच्या निर्गममार्गांची संहिता प्रसिद्ध केली. दिल्लीतील उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ प्रेक्षक मरण पावले. तेथे बाल्कनीत जादा आसने बसवून उजव्या बाजूची वाट बंद केलेली होती.

भारतातील नियम : भारताची राष्ट्रीय बांधकाम संहिता प्रथम १९७० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या चौथ्या भागात अग्निसुरक्षा व जीवितसुरक्षा यांचा विचार केलेला आहे. २०१६ च्या आवृत्तीनुसार मजल्यावरील माणसांची संख्या क्षेत्रफळावरून ठरवितात. कार्यालयात दर १० चौ. मी. मागे एक व्यक्ती धरली जाते आणि जिन्यासाठी दर व्यक्तीस १० मिमी. रुंदी लागते. उदा., ३,००० चौ. मी. च्या कार्यालयीन मजल्यावर ३०० व्यक्ती धरून जिन्यांची एकूण रुंदी ३ मी. म्हणजे प्रत्येकी १.५ मी. चे दोन जिने लागतात. जिने एकमेकांपासून दूर असावे लागतात. अन्यथा एकाच आगीने दोन्ही बंद होण्याचा संभव असतो. निर्गमद्वाराची रुंदी किमान १ मी. असावी, दार बाहेरच्या बाजूस उघडावे आणि आतील माणसाला ते किल्लीवाचून उघडता यावे, असे दंडक आहेत. जिन्याचे अग्निरोधक दार आपोआप मिटणारे असावे लागते. ते पाचर घालून उघडे ठेवल्यास धूर जिन्यात शिरतो.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ अन्वये ही व्यवस्था सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालक किंवा भोगवटादार यांच्यावर आहे. परवानाधारक अभिकरणाचे तसे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते.

पालनातील अडचणी : आराखड्यात निर्दोष असलेला मार्ग वापरात बिघडत जातो. चोरीच्या भीतीने गच्चीच्या दाराला कुलूप लागते, खिडक्यांना न उघडणाऱ्या जाळ्या बसतात आणि जिन्याच्या चौकात सायकली, चपलांची कपाटे किंवा मालाची खोकी साठतात. ट्रँगल कारखान्यातील दारही कामगारांनी माल चोरू नये म्हणूनच बंद ठेवले जात असे. बाहेरच्याला आत येऊ न देणे आणि आतल्याला बाहेर पडू देणे या दोन्ही गरजा आतून सहज उघडणाऱ्या कडीने साधता येतात. कुलपाने त्यांपैकी पहिलीच साधते. यामुळे निर्गममार्गाच्या तपासणीत नकाशाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष दार ढकलून पाहण्यास व रहिवाशांच्या नियमित सरावास दिले जाते.