पेट्रोल भरताना फक्त झिरो बघता? शेजारच्या 'डेन्सिटी'चा अर्थही समजून घ्या

पेट्रोल पंपावर नोजल टाकीत घालण्याआधी कर्मचारी 'झिरो बघा' म्हणतो आणि आपण मान डोलावतो. पण मशीनच्या स्क्रीनवर किंवा पंपावरच्या फलकावर आणखी एक आकडा असतो, तो म्हणजे डेन्सिटी. 'हा आकडा ठराविक मर्यादेत असला की पेट्रोल शुद्ध' असे मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. प्रत्यक्षात गोष्ट इतकी सरळ नाही.

डेन्सिटी म्हणजे काय?

डेन्सिटी म्हणजे घनता. एखाद्या पदार्थाच्या वस्तुमानाला त्याच्या आकारमानाने भागले की घनता मिळते. घरातले उदाहरण घ्या. खाद्यतेलाच्या 1 लिटरच्या पिशवीवर वजन 910 ग्रॅमच्या आसपास छापलेले असते. तेवढ्याच जागेत पाणी भरले तर ते साधारण 1000 ग्रॅम भरते. जागा तेवढीच, पण वजन वेगळे. हाच घनतेचा फरक. म्हणूनच तेल पाण्यावर तरंगते.

पंपावर घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये लिहितात. एक घनमीटर म्हणजे 1000 लिटर. त्यामुळे स्क्रीनवर 740 दिसले, तर त्या पेट्रोलचे एक लिटर 740 ग्रॅमचे आहे, असा सोपा अर्थ होतो. म्हणजे 10 लिटरचे 7.4 किलो.

तापमानाचा संबंध काय?

पेट्रोल तापले की फुगते. तापमान 10 अंशांनी वाढले, तर आकारमान साधारण एक टक्का किंवा किंचित जास्त वाढते. वस्तुमान मात्र तेवढेच राहते, त्यामुळे घनता घटते. म्हणून पंपावरची घनता 15 अंश सेल्सिअसला किती असेल, ते काढून लिहितात. 15 अंशांना 740 असलेले पेट्रोल 30 अंशांना मोजले, तर हायड्रोमीटर सुमारे 726 दाखवेल. ही भेसळ नव्हे.

'सकाळी पेट्रोल भरले की जास्त मिळते' या समजाचे मूळही इथेच आहे. पण पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात आणि तिथले तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. त्यामुळे सकाळच्या रांगेचा फायदा नगण्यच.

भेसळ कशी कळते?

पेट्रोलसाठी घनतेची मान्य मर्यादा 720 ते 775 आहे. ही मर्यादा मोठी असल्याने आकडा तिच्यात बसला एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. समजा, 740 घनतेच्या पेट्रोलमध्ये 10 टक्के रॉकेल मिसळले. रॉकेलची घनता 800 धरली, तर मिश्रणाची घनता 746 होते. म्हणजे भेसळ करूनही आकडा मर्यादेतच!

म्हणून तुलना महत्त्वाची. टँकरसोबत आलेल्या चलनावर घनता नोंदवलेली असते. तपासणीत निघालेली घनता या संदर्भ आकड्यापेक्षा 3 हून अधिक कमी किंवा जास्त असली, तर शंकेला जागा आहे. वरच्या उदाहरणात फरक 6 चा आहे.

'डेन्सिटी जास्त म्हणजे पेट्रोल चांगले' हा समजही चुकीचा आहे. रॉकेलामुळे पेट्रोलची घनता वाढते, तर डिझेलची कमी होते, कारण डिझेल रॉकेलपेक्षा जड असते. शिवाय पेट्रोलच्या जवळपास घनता असलेले सॉल्व्हंट मिसळले, तर हायड्रोमीटरही फसतो. अशा वेळी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.

ग्राहक काय करू शकतो?

• घनता तपासून दाखवा, असे पंपावर सांगता येते. त्यासाठी जार, हायड्रोमीटर, थर्मामीटर आणि 15 अंशांचा आकडा काढण्याचा तक्ता पंपावर असायला हवा.

• फिल्टर पेपर मागा. त्यावर पेट्रोलचा थेंब टाका. तो उडून गेल्यावर डाग राहिला, तर भेसळीची शंका घ्यावी.

• पेट्रोल कमी मिळाल्याचा संशय असेल, तर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का असलेले 5 लिटरचे माप मागा. त्यात 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो.

थोडक्यात, पेट्रोल किती मिळाले ते माप सांगते आणि काय मिळाले याचा अंदाज घनता देते. झिरो बघाच, पण शंका आली तर त्या दिवशीचा घनतेचा आकडाही विचारा.