चोरीच्या प्रती आणि बुडालेली विक्री

पीसीवरच्या गेमची नक्कल करणे कन्सोलच्या मानाने कायमच सोपे राहिले आहे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स हे बंदिस्त यंत्र. त्यात काय चालू द्यायचे हे सोनी आणि मायक्रोसॉफ्ट ठरवतात आणि चोरीची प्रत चालवायची तर बहुधा यंत्रातच फेरफार करावे लागतात. पीसीवर मात्र मालकाचे राज्य. प्रत विकतची आहे की नाही हे तपासणारा भाग कोणा एकाने गेममधून काढून टाकला, की ती क्रॅक केलेली प्रत टोरेंटवरून जगभर पोहोचते; बाकीच्यांना कसलेही कसब लागत नाही. त्यामुळे पीसी गेम कमी खपला की पहिला संशय पायरसीवर जातो. तो निराधार नसतो, पण सांगितला जातो तेवढा भक्कमही नसतो.

‘क्रायसिस’ या गेमची कथा त्यासाठी पाहण्यासारखी आहे. फ्रँकफर्टच्या क्रायटेक कंपनीने बनवलेला हा गेम नोव्हेंबर २००७ मध्ये फक्त पीसीसाठी आला. जंगलातल्या पानापानावर पडणारा उजेड, गोळ्या लागून कोसळणारी झाडे, उन्हात चमकणारे पाणी असे दृश्य तोवर गेममध्ये कोणी पाहिले नव्हते. पण ते पूर्ण तपशिलात पाहायचे तर त्या काळचे सर्वांत महाग ग्राफिक्स कार्डही धापा टाकत असे. अमेरिकेतल्या दुकानांमध्ये पहिल्या महिन्यात त्याच्या सुमारे ८७ हजार प्रतीच खपल्या आणि गेम आपटला अशी हाकाटी झाली. पुढे जगभरातली विक्री काही महिन्यांतच दहा लाखांपलीकडे गेली, तरी कंपनीचे समाधान झाले नाही. क्रायटेकचे प्रमुख जेवात येरली यांनी २००८ मध्ये जाहीर केले, की एका विकल्या गेलेल्या प्रतीमागे पंधरा ते वीस चोरीच्या प्रती फिरतात, आणि यापुढे केवळ पीसीसाठी गेम बनवणार नाही.

‘क्रायसिस’च्याच महिन्यात, म्हणजे नोव्हेंबर २००७ मध्ये, ‘कॉल ऑफ ड्यूटी ४ : मॉडर्न वॉरफेअर’ हा गेम पीसी आणि दोन्ही कन्सोलवर आला होता. एकट्या एक्सबॉक्स ३६० वर त्याच्या पंधरा लाखांहून अधिक प्रती अमेरिकेत त्या महिन्यात विकल्या गेल्या. पीसीवर चोरीच्या प्रती घेऊन ऑनलाइन खेळणाऱ्यांची संख्या पाहून त्याच्याही निर्मात्यांनी कपाळाला हात लावला. पण त्यांचे पैसे कन्सोलवर वसूल झाले होते. ‘क्रायसिस’ला असा दुसरा आधार नव्हता. शिवाय तो नीट चालवू शकणारे पीसीच मुळात थोडे होते. आपला पीसी हा गेम पेलतो का, एवढेच पाहण्यासाठी चोरीची प्रत उतरवून घेणारे त्या पंधरा-वीसमध्ये किती असतील, हे कोणत्याही आकड्यातून कळत नाही.

चोरीची प्रत म्हणजे बुडालेली विक्री, हे समीकरण इथेच डळमळते. रिफ्लेक्सिव्ह या छोट्या गेमच्या अमेरिकन कंपनीने २००८ मध्ये आपला अनुभव मांडला. तिच्या ‘रिकोशे इन्फिनिटी’ या गेमच्या वापरात असलेल्या प्रतींपैकी सुमारे ९२ टक्के चोरीच्या होत्या. कंपनीने संरक्षण अधिक कडक करून पाहिले, तेव्हा बंद पडलेल्या दर हजार चोरीच्या प्रतींमागे विक्री वाढली ती साधारण एका प्रतीने. फुकटात खेळणारे बहुतेक जण पैसे देऊन घेणारे नव्हतेच.

‘गेम डेव्ह टायकून’च्या ऑस्ट्रेलियातल्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये याच प्रश्नाची गंमतही केली. या गेममध्ये खेळाडू स्वतःची गेम कंपनी चालवतो. निर्मात्यांनी त्याची एक वेगळी प्रत आपणच टोरेंटवर सोडली. तिच्यात खेळाडूने कितीही चांगला गेम बनवला, तरी काही काळाने लोक तो चोरून खेळू लागतात आणि कंपनी बुडते. पहिल्या दिवशी खेळणाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक लोक या फुकट प्रतीवर होते. त्यांतले काही जण पायरसीने आपला धंदा बसवल्याची तक्रार घेऊन आले, ही यातली सर्वांत मजेशीर गोष्ट.

क्रायटेकसारख्या कंपन्यांनी मग एकाच वेळी सर्व यंत्रांवर गेम आणले. त्याने त्यांचा धोका विभागला गेला, पण पीसीच्या ग्राहकाला त्याची किंमत मोजावी लागली. एक्सबॉक्स ३६० मध्ये सगळी मिळून ५१२ मेगाबाइट मेमरी होती. गेमचे आराखडे तेवढ्यात बसतील असे आखावे लागत. ‘क्रायसिस २’ मार्च २०११ मध्ये तिन्ही यंत्रांवर आला, तेव्हा पीसीवाल्यांना तो आधीच्या गेमपेक्षा आखडलेला वाटला. अद्ययावत ग्राफिक्सची सोय नंतर तीन महिन्यांनी मिळाली. आणि एवढे करूनही त्याची अपुरी प्रत प्रकाशनाच्या आधीच महिनाभर फुटली आणि त्या वर्षी टोरेंटवर सर्वाधिक उतरवलेला पीसी गेम तोच ठरला. कधी पीसीची आवृत्तीच कच्ची निघते. जून २०१५ मध्ये ‘बॅटमॅन : आर्कहॅम नाइट’ पीसीवर इतका अडखळत चालू लागला, की प्रकाशकाला त्याची विक्रीच थांबवावी लागली, ती ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाली. अशा वेळी पीसीवरची विक्री घटते ती चोरांमुळे नव्हे.

काही कंपन्यांनी पीसीला मागे ठेवले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये. यामुळे क्रॅक फुटण्याआधी कन्सोलवरची कमाई पदरात पडते, आणि धीर न धरता कन्सोलवर घेतलेला गेम अनेक जण पीसीवर पुन्हा विकत घेतात. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने दुसरी वाट धरली. आपल्या जीओजी या दुकानातून तिने ‘द विचर २’ नक्कल रोखणाऱ्या कसल्याही कुलपाशिवाय विकला. त्याच्या ४५ लाख प्रती चोरल्या गेल्या असाव्यात असा कंपनीच्याच संस्थापकाचा अंदाज होता, तरी पुढच्या ‘द विचर ३’लाही तिथे कुलूप लागले नाही. मात्र २०१५ मध्ये तो पीसीबरोबर दोन्ही कन्सोलवर आला, आणि कन्सोलचा पैसा नसता तर एवढा मोठा गेम बनलाच नसता, असे कंपनीनेच सांगितले. तिन्ही विचर गेमपैकी या एकाचाच खप पाच कोटींपुढे गेला.

उलट फ्रान्सच्या युबीसॉफ्टने २०१० मध्ये ‘असॅसिन्स क्रीड २’साठी सतत इंटरनेट जोडणीची अट घातली. मार्चमध्ये तिच्या सर्व्हरवर हल्ला होऊन ते कोलमडले आणि पैसे मोजलेल्या ग्राहकांनाच गेम सुरू करता येईना. खऱ्या ग्राहकाला चोरापेक्षा वाईट वागणूक मिळण्याचा हा नमुना. व्हॉल्व्ह कंपनीचे गेब न्यूवेल यांचे म्हणणे असे, की पायरसी हा बहुतांशी सेवेचा प्रश्न आहे. त्यांच्या स्टीम या दुकानाने एका टिचकीवर खरेदी, आपोआप अपडेट आणि सवलतीचे सेल दिले. भारतात २०१५ पासून रुपयांत किमती दिसू लागल्या. ज्यांना पूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या नकली सीडी हाच सोपा मार्ग होता, त्यांच्यापुढे परवडणारा पर्याय आला.

तरीही पायरसीने नुकसान होतच नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. ऑस्ट्रियात तयार झालेले डेनुवो हे संरक्षण २०१४ पासून मोठ्या गेममध्ये वापरले जाते. ते तोडायला कधी काही दिवस लागतात, कधी कित्येक महिने, आणि या फरकातून तुलना करता येते. अशा ८६ गेमच्या अभ्यासातून २०२४ मध्ये दिसले, की क्रॅक पहिल्याच आठवड्यात आला तर सरासरी वीस टक्के महसूल जातो. बारा आठवड्यांनंतर आला तर जवळजवळ काहीच जात नाही. म्हणूनच अनेक प्रकाशक काही महिन्यांनी हे कुलूप स्वतःच काढून टाकतात. ‘डूम’मधून ते २०१६ मध्ये सात महिन्यांत गेले.

ज्या गेमचा जीव कंपनीच्या सर्व्हरवर असतो, त्याला ही चिंता फारशी नाही. चोरलेल्या प्रतीला जोडणीच मिळत नाही. सोनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘हेलडायव्हर्स २’ प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आणला आणि बारा आठवड्यांत त्याच्या एक कोटी वीस लाख प्रती विकल्या गेल्या. आपले मोठे गेम एरवी पीसीवर वर्ष-दोन वर्षांनी आणणाऱ्या कंपनीचा सर्वांत वेगाने खपलेला गेम तो ठरला.