लाकडी शिपायाचा जीव

जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याची लढाई संगणकावरच्या एखाद्या युद्धखेळात अशीच घडली असती, तर खेळणाऱ्याने खेळात बिघाड आहे म्हणून हात झटकले असते. ११ मार्च १७९५. एका बाजूला निजाम अली, दुसऱ्या बाजूला पेशव्यांच्या जरीपटक्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन. निजामाकडच्या रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या कवायती पलटणी अजून मोडलेल्या नव्हत्या. रात्री मराठ्यांची एक लहानशी टोळी घोड्यांना पाणी पाजायला ओढ्यावर उतरली, चौकीवाल्यांनी अंधारात गोळ्या झाडल्या आणि तेवढ्या आवाजाने निजामाच्या छावणीत पळापळ सुरू झाली, असं ग्रँट डफ लिहितो. निजाम खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, वेढ्यात अडकला आणि तहाला तयार झाला.

‘एम्पायर : टोटल वॉर’ या २००९ सालच्या खेळात मराठ्यांची बाजू घेऊन हिंदुस्थान जिंकायला निघता येतं. तिथेही प्रत्येक तुकडीला मनोधैर्य असतं. ते खचलं की पांढरं निशाण दिसतं, शिपाई पळतात आणि त्यांना पाहून शेजारची तुकडीही डळमळते. अशा मोहिमांवर खेळाडू लांबलचक कथा लिहितात. लष्करी अहवालावरून त्यांना ‘आफ्टर ॲक्शन रिपोर्ट’ हे नाव पडलं. भाषा बहुतेकदा कच्ची, शुद्धलेखन रामभरोसे, संवाद नाटकी. तरीही कथेतला एखादा हवालदार पडला की वाचणाऱ्याच्या घशाशी आवंढा येतो. पडद्यावर तो हवालदार म्हणजे एक ठिपका होता. मग हे होतं कसं?

फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी १९४४ साली लोकांना एक छोटा चित्रपट दाखवला. त्यात होते दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि उघडझाप होणारा एक चौकोन, बाकी काही नाही. काय दिसलं ते लिहा, असं ३४ जणांना सांगितलं. त्यातल्या एकानेच जवळजवळ पूर्णपणे भूमितीच्या भाषेत वर्णन केलं. इतरांना मोठा त्रिकोण दांडगट वाटला, वर्तुळ घाबरलेलं वाटलं. हालचाल दिसली की मेंदू तिच्यामागे हेतू शोधतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

कच्च्या भाषेचं कोडं मेलानी ग्रीन आणि टिमोथी ब्रॉक यांच्या २००० सालच्या प्रयोगांनी थोडं सुटतं. एक गोष्ट वाचायला देऊन, जिथे काही खोटं किंवा बेसूर वाटेल तिथे गोल करा, असं त्यांनी वाचकांना सांगितलं. गोष्टीत जे जास्त रमले, त्यांना खटकणाऱ्या जागा कमी सापडल्या. गोष्ट खरी की काल्पनिक, हे आधी सांगितल्याने रमण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे समीक्षकाला आधी भाषा दिसते आणि रमलेल्या वाचकाला आधी हवालदार दिसतो. मला यात वाचकाचा अडाणी भाबडेपणा अजिबात दिसत नाही. लक्ष एकाच ठिकाणी ओतलं की दुसरीकडे कमी पडणारच.

या लेखनप्रकाराचं सर्वांत नामांकित घराणं मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे, आणि त्याचा एक धागा थेट नगरला येतो. जून १८२६ मध्ये पॅट्रिक ब्राँटे या पाद्र्याने इंग्लंडातल्या लीड्सहून मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीने, शार्लटने, त्यातला एक उचलून त्याला ड्यूक ऑफ वेलिंग्टन केलं. तोच तो आर्थर वेलस्ली, ज्याने ऑगस्ट १८०३ मध्ये नगरचा भुईकोट किल्ला घेतला. भाऊ ब्रॅनवेलने आपल्या शिपायाला बोनापार्ट केलं. मग चौघा भावंडांनी राज्यं वसवली, लढाया लावल्या आणि शिपायांना शोभतील एवढ्या चिमुकल्या पुस्तकांत त्या लिहून काढल्या. भावंडं स्वतः त्या जगातले चार जिन होती आणि मेलेल्या शिपायाला उठवण्याची ताकद जिनांकडे होती. आजचा खेळाडू हरलेला डाव जुन्या नोंदीवरून पुन्हा सुरू करतो, त्याचीच ही आजी.

पुढे शार्लट रो हेडच्या शाळेत शिक्षिका झाली. घरी लेखणी ब्रॅनवेलच्या हाती. त्याने कथेतल्या डचेसला मारलं असावं, या शंकेने १८३६ च्या सुमारास ती शाळेत बसून खरोखर व्याकूळ झाली होती. मेली का, पुरली का, हे प्रश्न तिने लिहून ठेवले आहेत. आणि हे जग उभं करणाऱ्यांत ती स्वतःच होती! आपल्या पात्राचा जीव दुसऱ्याच्या हाती आहे, हीच तिची घालमेल.

माझ्या मते खेळावरून लिहिलेल्या कथांची पकड इथेच आहे. कादंबरीकार नायकाला मारतो तेव्हा वाचक त्याच्यावर रागावू शकतो. इथे लिहिणाराही साक्षीदारच असतो, कारण निकाल फाशाने लावलेला असतो. ‘एक्सकॉम’सारख्या खेळात काही जण मुद्दाम ‘आयर्नमॅन’ नियम घेतात. मागे फिरायची सोय नाही, मेलेला शिपाई मेलाच. त्या शिपायांना मित्रांची नावं दिलेली असली, तर पुढचा प्रसंग लिहिताना आणि वाचताना काय होत असेल ते सांगायला नको.

निकाल आधीच ठाऊक असला तरी धाकधूक जात नाही. रिचर्ड गेरिग यांनी १९८९ मध्ये वाचकांना जॉर्ज वॉशिंग्टनवरचा मजकूर दिला, ज्यात ते अध्यक्ष होतील की नाही याची शंका पेरलेली होती. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. तरीही ‘ते पहिले अध्यक्ष झाले’ हे वाक्य बरोबर ठरवायला त्या वाचकांना जास्त वेळ लागला.

खर्ड्याची मोहीम कुणी अशी लिहायला घेतली, तर तो तहापाशी थांबू शकतो. वाचक थांबू देणार नाहीत. पेशवे सवाई माधवराव तेव्हा विशीतले होते आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात शनिवारवाड्यातून खाली पडून गेले, हे त्यांना ठाऊक आहे. पण पटावर ऑक्टोबर अजून आलेला नसतो, आणि फासा टाकायचा बाकी असतो.