घुमटाची थाप, व्हायोलिनचा सूर

वसईच्या एखाद्या ख्रिस्ती वाडीत लग्नाच्या दिवशी जाऊन पहा. दारात पितळी वाद्यांचा बँड वाजतो आहे आणि मांडवात लाल लुगडे नेसलेल्या आजीबाई सामवेदी बोलीत लग्नाची गाणी म्हणताहेत. पाहुणा चटकन म्हणतो, "हे सारे पोर्तुगीजांनी दिलेले!" पण सारे कसे त्यांचे असेल? गाणी तर आपल्या बोलीतली आहेत.

दोन संगीतांचा मेळ कसा पडतो, हे पाहायला जरा दूर जाऊ. १५०० साली काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागला आणि त्याच सफरीत पुढे कालिकतला आला. एकाच प्रवासात दोन किनारे जोडले गेले! ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांबरोबर गिटारच्या जातीची वाद्ये गेली. १८४५ च्या सुमारास रिओ शहरात युरोपातले पोल्का नृत्य आले. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकनांच्या वंशजांचा ठेका त्यात मिसळला आणि १८७० च्या आसपास 'शोरो' हे नवे संगीत जन्मले. सूर बाहेरचे होते, पण ते वाजवणाऱ्यांच्या हातांना सवय वेगळ्याच तालाची होती.

आता गोव्यात या. तेथे चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. हीच मुले घरी आली की समोर घुमट असे. घुमट म्हणजे मातीचे भांडे. त्याच्या एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणीत. (१९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचे वापरतात.) या व्हायोलिन-घुमटाच्या संसारातून एकोणिसाव्या शतकात 'मांडो' बहरला. भाषा कोंकणी, दोन आवाजांची जोड युरोपीय, आणि ठेका घुमटाचा!

शब्दांचाही असाच मेळ पडला. फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने बायबलची कथा मराठी ओवीत बांधली. ते 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले.

मग वसईचे काय? येथे पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९ असा दोनशे पाच वर्षे होता. गोव्यात तो १९६१ पर्यंत टिकला. मांडो बहरला तेव्हा वसईहून पोर्तुगीज जाऊन शतक लोटले होते. गोव्यातल्या शिकलेल्या घराण्यांनी आपले मांडो कागदावर उतरविले. वसईच्या लग्नगीतांना मात्र आधार राहिला तो मुख्यतः बायकांच्या गळ्याचा. सासूने म्हटले ते सुनेने उचलले, एवढीच त्यांची पाठशाळा.

धोका आहे तो येथेच. कागदावरचे गाणे पेटीत पडून राहिले तरी जगते. गळ्यातले गाणे माणसाबरोबर जाते. शिवाय नुसते शब्द लिहून भागत नाही. चाल आणि ठेका गेला, तर दोन संगीतांचा मेळ कोठे पडला तेच हरवते.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. पुढच्या लग्नात बँड थांबला की मांडवातल्या आजीजवळ जाऊन बसा. "आजी, पुन्हा एकदा म्हण," अशी विनंती करा आणि तिचा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवा. कोणते गाणे कोणत्या विधीला म्हणतात, हेही तिला विचारा. ते तिच्याइतके नेमके दुसरे कोण सांगणार?