लांडग्याचा दाखला आणि ज्वारीची भाकर

कुत्रा लांडग्याच्या वंशातला, तेव्हा त्याने कच्चे मांसच खावे, हे म्हणणे ऐकायला बिनतोड वाटते. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ साली पुस्तक लिहून कच्चे मांस, हाडे आणि भाजीपाला अशा आहाराचा पुरस्कार केला, आणि तेव्हापासून हा विचार जगभर फोफावला. जालना जिल्ह्यात परतूर तालुक्यातल्या आष्टीसारख्या गावात मात्र कुत्र्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकरच येत आली, आणि त्याचे पोट त्याबद्दल फारशी तक्रार करत नाही. याचे कारण २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवले. पिठूळ पदार्थ पचवणारे अमायलेज ज्या जनुकामुळे तयार होते, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात चारपासून तिसापर्यंत सापडल्या. माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षे जगताना हा प्राणी आतून बदलला आहे. अर्थात यावरून नुसती भाकर पुरते असा निष्कर्ष कोणी काढू नये. ज्वारीत लायसिन कमी आणि कॅल्शियम नगण्य, त्यामुळे नुसत्या भाकरीवर वाढलेले पिल्लू हाडापेराने कमजोरच राहते. लांडग्याचा दाखला टिकत नाही, एवढेच.

दुसरा गैरसमज ‘संतुलित’ या शब्दाआड लपतो. मांस दिले म्हणजे सगळे आले, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो, आणि कुत्र्याला कॅल्शियम फॉस्फरसाइतके किंवा थोडे जास्तच लागते. ही तफावत शरीर हाडांतून कॅल्शियम काढून भरते. त्यामुळे महिनोन्‌महिने निव्वळ चिकनवर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकतात, कधी साध्या उडीत हाड मोडते. हाडांसह कच्चा आहार द्या, मग प्रश्न मिटतो, असे उत्तर मिळते. ते अर्धेच बरोबर आहे. जर्मनीत घरोघरच्या ९५ कच्च्या आहारांचे मोजमाप झाले तेव्हा ६० टक्के आहारांत मोठे असंतुलन निघाले. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिजवणाऱ्यांनीही फार हुरळून जाऊ नये. अमेरिकेत २०१३ मध्ये घरी करायच्या २०० पाककृती तपासल्या, तर ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक कमी होता. संतुलन हिशेबाने येते. कच्चे की शिजवलेले, याच्याशी त्याचा संबंध थोडा.

मग फरक कुठे पडतो? मांस कुठून आले आणि त्यात काय आहे, इथे पडतो, आणि गावाकडे या प्रश्नाला वेगळीच धार आहे. तिथे कच्चा आहार ही काही नवी टूम नाही. मटणाच्या दुकानामागे टाकलेली फुप्फुसे, खराब कलेजी, आतडी कुत्रेच खातात. शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत किंवा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी दिसल्या की त्या कापून फेकल्या जातात, आणि नेमक्या त्याच कुत्र्याच्या तोंडी जातात. या हायडॅटिडच्या गाठी. त्यांतून कुत्र्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे चपटे जंत वाढतात. कुत्रा ठणठणीत दिसतो, पण दीड-दोन महिन्यांत त्याच्या विष्ठेतून अंडी पडू लागतात. ती त्याच्या केसांना चिकटतात, मातीत, भाजीत मिसळतात. ती चराईतून मेंढीच्या पोटात गेली तर चक्र पूर्ण होते. मुलाच्या हातातून तोंडात गेली तर त्याच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षे वाढत राहते आणि कधी शस्त्रक्रियेशिवाय सुटका नसते. म्हणजे आहार कुत्र्याचा, दुखणे घरातल्या पोराचे. न्यूझीलंडने हा रोग जवळपास हद्दपार केला, त्यात कुत्र्यांना जंताचे औषध देण्याइतकेच कच्चे काळीज-फुप्फुस न घालण्याच्या सक्तीला महत्त्व होते.

यावर आक्षेप येतो, की कुत्र्याच्या जठरातले आम्ल सगळे जिरवते. थोडेफार जिरवतेही, म्हणूनच साल्मोनेलाचे जंतू पोटात घेऊन कुत्रा आजारी न पडता हिंडतो. पण तो ते जंतू विष्ठेतून बाहेर टाकत राहतो, आणि मांस चिरलेली फळी, खाण्याचे ताट, पुसायचे फडके हे सगळे घरातच असते. याच कारणाने अमेरिकेच्या पशुवैद्यक संघटनेने २०१२ मध्ये कच्च्या मांसाविरुद्ध सल्ला दिला. गोठवले की झाले, हेही पुरे नाही. कडक थंडीत काही दिवस ठेवल्यास गाठीतले जंत मरतात, साल्मोनेला तग धरतो. आणि मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना वीज गेली की फ्रीजमधल्या मांसात तो मजेत वाढतो. मांसाहारी प्राण्याला कच्चे बाधत नाही, असे मानणाऱ्यांनी नागपूरचे गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्र आठवावे. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस तिथे तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि संशय कोंबडीच्या मांसावरही घेतला गेला. मार्जारकुळ या विषाणूला अधिक बळी पडते, हे खरे. पण वाघापेक्षा अस्सल मांसाहारी कुठून आणायचा?

शिजवल्याने सत्त्व जाते, या तक्रारीत तथ्य आहे. थायमिन काही प्रमाणात नष्ट होते, काही घटक पाण्यात उतरतात. तेव्हा ते पाणी फेकू नये, त्यातच भाकर कुस्करावी. उलट अंड्याला शिजवणे फायद्याचे, कारण कच्च्या पांढऱ्यातले अ‍ॅव्हिडिन बायोटिनला अडकवून ठेवते. शिजवलेली हाडे मात्र कधीच देऊ नयेत. ती टोकदार फुटून आतडे फाडतात. हाडांऐवजी अंड्याची टरफले धुऊन, उकळून, वाळवून कुटावीत: चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम भुकटीत जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कांदा-लसणाची फोडणी कुत्र्याच्या वाट्याला नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. काळीज, फुप्फुस अर्धा तास खळखळून उकळावे, आणि कलेजी थोडीच घालावी. तिच्यातले ‘अ’ जीवनसत्त्व साचत जाते. किती किलोच्या कुत्र्याला किती टरफल, किती मांस, हे अंदाजपंचे ठरवू नये; आष्टीहून परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय फार लांब नाही, आणि प्राझिक्वांटेल या जंतनाशकाची गोळी किती दिवसांनी द्यायची हेही तिथेच विचारून घेता येते.