सुया कुठे उपयोगी, कुठे नाही

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. अवतीभवती कांद्याची लागवड, टोमॅटोची तोडणी, उपबाजारात गोण्यांची चढउतार. तासन्‌तास वाकून काम करणाऱ्या माणसांच्या कंबरा आणि गुडघे इथे लवकर कुरकुरू लागतात. कुणीतरी अॅक्युपंक्चरचं नाव काढतं आणि लगेच दोन मतं पडतात. एक म्हणतो, सुयांनी सगळं बरं होतं. दुसरा म्हणतो, निव्वळ थोतांड. दोघंही चुकतात.

जुनाट कंबरदुखीवर 2007 साली जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 1,162 रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनी पाहिलं, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे 27 टक्क्यांना चांगला फरक पडला होता आणि अॅक्युपंक्चर घेणाऱ्यांपैकी सुमारे 48 टक्क्यांना. पण तिसऱ्या गटाला सुया मुद्दामच चुकीच्या जागी, वरवर टोचल्या होत्या, आणि तिथेही 44 टक्के लोकांना आराम पडला! म्हणजे सुयांनी दुखणं कमी होतं हे खरं. पण ठरलेल्या बिंदूतच सुई गेली पाहिजे, हा दावा मात्र डळमळतो. पुढे 2018 मध्ये सुमारे 21 हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. तेव्हा खऱ्या सुया खोट्या सुयांपेक्षा सरस ठरल्या, पण थोड्याच.

म्हणूनच तज्ज्ञांमध्येही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी सुयांचा पर्याय सुचवला. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने मात्र कंबरदुखीसाठी आणि गुडघ्याच्या झिजेसाठी तो नको म्हटलं, आणि अर्धशिशीचे झटके टाळण्यासाठी चालेल म्हटलं. शस्त्रक्रियेनंतरची मळमळ मनगटाजवळच्या बिंदूला उत्तेजन दिल्याने कमी होते, यालाही बऱ्यापैकी पुरावा आहे. झिजलेली कूर्चा मात्र सुईने परत येत नाही. गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूंच्या व्यायामाचा आणि वजन आटोक्यात ठेवण्याचा.

सगळ्यात घातक गैरसमज म्हणजे सुयांनी लकवा बरा होतो हा. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की घड्याळ पाहायचं आणि सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. हा वेळ सुया टोचण्यात किंवा मालिशीत गेला, तर तो परत मिळत नाही. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुयांच्या भरवशावर बंद करणंही तितकंच धोक्याचं. कंबरदुखीसोबत पायातलं बळ गेलं, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आपल्याकडे आणखी एक समज आहे: ही विद्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी चीनमधून आणली. कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले ते जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करायला, आणि 1942 मध्ये तिथेच वारले. भारतात ही पद्धत रुजवली ती त्याच पथकातले त्यांचे सहकारी, कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू यांनी. कोटणीसांचं मोठेपण सांगायला सुयांची गरज नाही.

आता धोक्याचं. 2001 साली ब्रिटनमध्ये दोन पाहण्यांत मिळून 66 हजारांहून अधिक उपचारांची नोंद झाली. त्यात एकही गंभीर इजा आढळली नाही, पण ते प्रशिक्षित हातांचे आकडे आहेत. छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, आणि एकाची सुई दुसऱ्याला वापरली तर कावीळ पसरू शकते. महाराष्ट्राने 2015 मध्ये अॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला, त्याखाली परिषदही नेमली. तेव्हा सुया टोचून घ्यायच्याच असतील, तर आधी नोंदणी क्रमांक विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि सुयांचं सीलबंद पाकीट तुमच्या डोळ्यांदेखत फोडलं नाही, तर सरळ उठून या.